भावजींनी बांधलेली बॅग

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान उघडी वस्तू हातात घेत नाहीत. चहाचा कप बशीत, बशी ताटलीत, ताटली दोन्ही हातांत, अशी वरात स्वयंपाकघरातून निघते आणि आपल्यापर्यंत पोचेतो चहा निवलेला असतो. घर बदलणाऱ्यांचं सामान बांधायचं आणि नव्या घरी नेऊन पोचवायचं, हा भावजींचा धंदा. तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकच गोष्ट फुटली, तीही पहिल्याच महिन्यात. एका आजीबाईंनी निघता निघता भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. बांधलेलं नव्हतं. जिन्यात ते सटकलं. आजीबाई एक शब्द बोलल्या नाहीत, वाकून काचा गोळा करत राहिल्या, आणि त्या बोलल्या नाहीत हेच भावजींना आजवर बोचतं. तेव्हापासून कागदात गुंडाळल्याशिवाय ते कशाला हात लावत नाहीत.

मी कपडे शिवते. माझ्या पर्समध्ये सुई, दोरा आणि दोरे कापायची बोटभर कात्री कायम असते, म्हणून कुठल्याही लग्नात लोक जेवायच्या आधी मला शोधतात आणि बटणं लावून घेतात. तोंडाने मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. मी ते खोडून काढत नाही, वेळ कुणाला आहे?

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर धाकटीला दिवस गेले. आई आनंदाने रडली. भावजींनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "मी सगळं करीन. बाळ मात्र हातात घेणार नाही. सहा महिन्यांचं होऊ दे, मान धरू दे, मग बघू." सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. मी त्यांना ओळखून होते. या माणसाला थट्टा करता आली असती तर इतक्या वर्षांत एकदा तरी केली असती.

सातव्या महिन्यात धाकटी कपडे सैल करून घ्यायला माझ्याकडे आली आणि शिलाई मशीनशेजारी बसून रडायला लागली.

"सगळं करतात गं ताई. पाय चेपतात, भाजी निवडतात. पण बाळाचा विषय काढला की हात पाठीमागे जातात. नऊ वर्षं वाट बघितली मी. मला बाकी काही नको, बाळ पहिल्यांदा यांच्या हातात जायला हवं. पहिल्या दिवशी हात मागे घेतला तर तो मागेच राहील."

"घेतील," मी म्हटलं.

म्हणायला काय जातंय? पण तिचं ते रडणं माझ्या मनातून जाईना. दोन ब्लाउजांच्या बाह्या मी त्या दिवशी उलट्या लावल्या.

नववा लागला तशी मी दवाखान्याच्या बॅगेची यादी करून दिली. दोन बाळंतपणं काढलेली बाई मी. यादी तळहातावर मावली असती. दोन गाऊन, टॉवेल, बाळाची मऊ कापडं, टोपडं, मोजे, साबण, कंगवा, चपला. भावजींनी ती दोनदा वाचली.

"ताई, हे सामान झालं. बांधणीचं काय?"

"बांधणी कसली? बॅगेत टाकायचं आणि चेन ओढायची."

"चेनवर माझा विश्वास नाही," भावजी म्हणाले, आणि रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग येऊन पडला.

त्यांच्या धंद्याचा नियम असा, की जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. तेव्हा आधी काय लागणार यावर चर्चा सुरू झाली. धाकटी म्हणाली गाऊन. आई म्हणाली बाळाची कापडं. मी म्हटलं आधी डॉक्टर लागतील, त्यांना वर ठेवा. भावजींनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि कंगवा तीन कागदांत गुंडाळला. साबणावर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी लागली. डावी चप्पल एका टोकाला आणि उजवी दुसऱ्या टोकाला गेली, कारण दोन्ही एकीकडे ठेवल्या तर म्हणे वजन एका अंगाला जातं. प्रत्येक पुडक्याला नंबर, नंबरांची वेगळी यादी, आणि ती यादी सुरक्षित राहावी म्हणून तीही बॅगेत. दवाखान्याची फाइल मी त्यांच्या हातून हिसकावून घेतली, नाहीतर तिचंही पुडकं झालं असतं.

मग पोकळी. पोकळी राहिली की माल हलतो आणि माल हलला की फुटतो. मोजे आणि टोपडं कसं फुटेल हे विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. भावजींनी चुरगळलेले कागद कोंबले, बॅग बंद होईना म्हणून तिच्यावर बसले, चेन लावली, चेनवर चिकटपट्टी मारली आणि सगळ्या बॅगेला पारदर्शक प्लास्टिकचे वेढे द्यायला घेतले. आईला दुसरं टोक धरायला लावून बॅगेभोवती फिरवलं. पाचव्या वेढ्याला आई म्हणाली, "जावईबापू, मला चक्कर येतेय," तेव्हा कुठे थांबले. वर दोन चिठ्ठ्या लावल्या, ‘नाजूक’ आणि ‘ही बाजू वर’. बॅग कानाजवळ नेऊन हलवली. आतून आवाज आला नाही. त्यांचा चेहरा इतका समाधानी मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता.

"आणि उघडायची कशी?" धाकटीने विचारलं.

"कटर आहे की. खिशात असतो नेहमी."

नेहमी असायचा खरा. सामान बांधणाऱ्यांमध्ये कटर खोक्यात बंद करून बसणं ही सगळ्यात मोठी नामुष्की. वस्तू फोडणाऱ्याला मालक बोलतो, पण कटर आत विसरणाऱ्याला सगळी गँग वर्षभर हसते. भावजी स्वतः एकाला तीन वर्षं हसले होते.

पुढचे पंधरा दिवस भावजी कामावर गेले नाहीत, रोज जिन्याची तालीम झाली. नियम सांगतो, जड आधी उतरवायचं, नाजूक शेवटी. धाकटी जडही होती आणि नाजूकही, आणि असा नग त्यांच्या तेवीस वर्षांत आला नव्हता. त्या विचारात त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी त्यांनी कपाटांना गुंडाळायच्या गोधड्या आणून जिन्याच्या कठड्याला बांधल्या. शेजारी तक्रार करायला आले आणि बांधणी बघून गाठी कशा मारायच्या ते शिकून गेले.

मंगळवारी सकाळी साडेदहाला कळा सुरू झाल्या. मी तिथेच होते. भावजींनी बॅग खाली पोचवली, परत आले, धाकटीच्या कोपराला धरून उलट्या पावलांनी जिना उतरायला लागले आणि सवयीने ओरडत गेले, "बाजू, बाजू! काच आहे!" दोन मजल्यांवरची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एक गृहस्थ तर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून उभे होते. धाकटी एका कळेत कण्हत होती आणि दोन कळांच्या मधे हसत होती.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. आई, मी, भावजी आणि बॅग असे चौघं बाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या फटीतून नर्सबाईंनी डोकं काढलं.

"बाळाची कापडं काढून ठेवा. वेळ लागणार नाही आता."

"हो हो," म्हणत भावजींनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या. मग पहिल्यात पुन्हा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"एकतीस नंबर," ते म्हणाले.

"काय एकतीस नंबर?"

"कटर. मी गुंडाळला. नाजूकची चिठ्ठीसुद्धा लावली. डोकं ठिकाणावर नव्हतं ताई माझं."

अति तिथे माती म्हणतात ते काही उगीच नाही. आईने किल्लीने टोचून पाहिलं, प्लास्टिक जरासं दबलं आणि परत वर आलं. मी केसांतली पिन लावली, पिन वाकली. आईने दात लावायचा विचार केला, पण ते दात तिला नुकतेच नवीन बसवलेले. भावजी शरमेने मान खाली घालून उभे होते, पण मधूनच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाच वेढे आहेत. सहजासहजी नाही सुटणार." त्यात थोडा अभिमान होता, माझ्या कानाने पकडला. मी नर्सबाईंना कात्री मागितली.

"इथल्या कात्र्या उकळून ठेवलेल्या असतात," त्या म्हणाल्या. "बॅगा फाडायला नाहीत." आणि दार लागलं.

आता खोटं कशाला बोलू? माझी कात्री मला त्याच क्षणी आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी वेळ झाली होती. मी पर्सची चेन अर्धी उघडलीही. तेवढ्यात माझी नजर भावजींकडे गेली. आतून धाकटीचा आवाज येत होता, आणि या माणसाचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. ते हात मी बघितले आणि पर्स बंद केली.

मग आत एक बारीक, चिडका आवाज उठला. आईने डोळ्यांना पदर लावला. दार उघडलं.

"मुलगी आहे. आई आणि बाळ दोघी छान. कापडं द्या."

नर्सबाईंच्या हातात दवाखान्याच्या पातळ फडक्यात ती होती. फडकं कमी आणि मुलगी जास्त. एक पाय बाहेर, दोन्ही मुठी बाहेर, सगळा राग बाहेर. माझ्यावर गेली असणार.

"आई, बॅग सोडू नकोस," मी हळूच म्हटलं, आणि माझे दोन्ही हात बॅगेच्या बंदात घुसवले. "बाई, आमचे हात अडकलेत हो. त्यांच्याकडे द्या. वडील आहेत ते."

"सहा महिन्यांची..." भावजींनी तोंड उघडलं.

"धरा," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना आत जायची घाई होती.

पाठीमागचे हात पुढे आले. मी पाहत होते म्हणून सांगते, ते घाबरत आले नाहीत. डावा तळवा मानेखाली गेला, उजवा हात खालून आला, दोन्ही कोपरं अंगाशी मिटली, हनुवटी खाली झुकली. तेवीस वर्षं लोकांचे आरसे उतरवलेला माणूस तो, हातांना जे ठाऊक होतं ते डोक्याला विचारायला हात थांबले नाहीत.

"आधीची किती मुलं?" नर्सबाईंनी त्यांना विचारलं. भावजींना ऐकू गेलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, आणि ती रडायची थांबली होती.

मग ते चालायला लागले. अंग तिरकं करून, एक एक पाऊल चाचपत, रिकाम्या लांबलचक व्हरांड्यातून. "बाजू, बाजू," ते अगदी हळू आवाजात म्हणत होते. "काच आहे." तिथे होता फक्त एक वजनकाटा.

मी पर्समधून कात्री काढून बॅगेवरून सर्रकन फिरवली. आईने कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही तुझ्याकडे होती?"

"होती."

आईने माझ्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, जो तिने माझ्या दहावीच्या निकालालाही फिरवला नव्हता.

मऊ कापड सतरा नंबरच्या पुडक्यात निघालं. मी घेऊन गेले तर भावजी मुलगी द्यायला तयार होईनात. बाकावर बसून मांडीवरच त्यांनी कापड पसरलं आणि चार घड्यांत तिला अशी बांधली की नर्सबाई परत येऊन बघत राहिल्या. पोकळी म्हणून कुठे राहिली नाही.

आत धाकटी घामाघूम पडली होती. तिने बाळाकडे आधी बघितलं नाही. ते कुणाच्या हातात आहे ते बघितलं. भावजी पलंगाशी गेले, वाकले, आणि नवं घर आलं की मालकाला म्हणतात तेच म्हणाले, कारण दुसरं काही त्यांना सुचलंच नाही.

"तपासून घे. तुटफूट नाही."

धाकटीने एक बोट त्या घडीवरून फिरवलं. "बांधून आणलीत?"

भावजींनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"उघडीच घेतली होती," ते म्हणाले. "कापड नंतर मिळालं."