चिंचोक्याएवढा व्हॉल्व्ह

ब्रेकचं पेडल तळाला जाऊन बसलं, तेव्हा मी बाईंच्या शेजारच्या सीटवर होतो. घोडनदीच्या अलीकडचा उतार होता. गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, विलायती स्पोर्ट्स कार. वेग ताशी पन्नास मैल तरी असेल. पुढे बाजारातून परतणाऱ्या तीन बैलगाड्या, एकीमागे एक. आणि गाडीचे ते ब्रेक चार दिवसांपूर्वी मीच बसवले होते.

बाई ओरडल्या नाहीत. "मिस्त्री, ब्रेक नाही," एवढंच म्हणाल्या. पेडल दोनदा मारून पाहिलं, मग त्याचा नाद सोडला. गिअर तिसऱ्यात घेतला, मग दुसऱ्यात. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग निम्म्यावर आला. हँडब्रेक त्यांनी एकदम ओढला नाही, थोडा थोडा ओढला. एकदम ओढला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरली असती. हँडब्रेक तारेवर चालतो, तेलावर नाही, म्हणून तो शाबूत होता. तरी बैलगाड्या जवळ येतच होत्या. डावीकडे नांगरलेलं रान होतं. बांध एका ठिकाणी फुटलेला होता, त्यांनी गाडी बरोबर तिथून आत घातली. ढेकळांतून धडधडत गेली आणि थांबली.

बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "बैल बुजले नाहीत ना?"

माझे हात अजून डॅशबोर्डावरच होते.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, पुणे रस्त्यावर माझं गॅरेज होतं. ट्रक, जीप, विहिरीवरची ऑइल इंजिनं, हे माझं रोजचं काम. बाई मांडवगण फराट्याच्या एका बागाईतदाराच्या घरच्या. माहेर पुण्याचं, गाडी वडिलांनी शिकवलेली. पुण्याजवळच्या एका घाटात गाड्यांची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. बाईंनी त्यात नाव दिलं होतं.

त्यासाठी विलायतेहून एक पेटी आली होती. पेटीत दोन मोठे कार्बोरेटर, नवा सायलेन्सर पाइप, कडक स्प्रिंगा. ते सगळं बसवलं आणि गाडी बाणासारखी पळायला लागली. पण थांबायला जुने ड्रम ब्रेकच. ड्रम म्हणजे चाकाच्या आतला लोखंडी डबा. पेडल दाबलं की आतले दोन शू पसरतात आणि डब्याला आतून घासतात. घाटात फार वापरले की डबा तापून फुगतो, शू पोचत नाहीत, शूवरचं घासणारं लायनर गुळगुळीत होतं. म्हणून पेटीत तळाशी पुढच्या दोन चाकांसाठी डिस्क ब्रेक होते.

डिस्क ब्रेक मी तोवर फक्त चित्रात पाहिला होता. कागद सोडला तर आत जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी चकती. चाकाबरोबर उघड्या वाऱ्यात फिरणार, आणि कॅलिपर नावाची पकड तिला दोन्ही बाजूंच्या पॅडनी चिमटीत धरणार. लपवाछपवी काही नाही, सगळं डोळ्यांसमोर. मी ती चकती उन्हात धरून बराच वेळ पाहत बसलो. दुपारचं जेवण राहिलं.

बसवली. इंग्रजी कागद बाईंनी वाचला, मी नटबोल्टांवर पाने चालवले. ब्रेक ऑइल भरलं, नळ्यांतली हवा काढली. पहिल्या दिवशी ब्रेक असा लागला की मी पुढे काचेवर गेलो. चौथ्या दिवशी लांबची ट्रायल घेतली, बारा मैल जाऊन परत. परत येताना ते नांगरलेलं रान.

गाडी बैल जुंपून गॅरेजला आणली. पुढचं चाक काढलं तर चकती निळी पडलेली, लोहाराच्या भट्टीतून काढल्यासारखी. मागचे ड्रम मात्र थंड. चकती हाताने फिरवून पाहिली, फिरेना. पेडलवर पाय नसतानाही पॅडनी ती धरून ठेवली होती. कॅलिपरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला, तेल चिळकन उडालं, आणि चकती मोकळी फिरली.

म्हणजे नळीत दाब अडकला होता. कशाने?

पेडल जिथे तेल ढकलतं तो मास्टर सिलिंडर मी खोलला. शेवटाला रबर आणि पत्र्याचा एक व्हॉल्व्ह निघाला, चिंचोक्याएवढा. असा व्हॉल्व्ह मी शेकडो वेळा धुऊन परत बसवला होता. ड्रम ब्रेकमध्ये तो लागतोच. पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब राखतो, म्हणजे हवा आत शिरत नाही. शूंना मागे ओढायला स्प्रिंगा असतात, त्यामुळे त्या दाबाने काही बिघडत नाही. डिस्कला तशी स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबानेही पॅड घासत राहतात. बारा मैल घासले, चकती तापली, तेल उकळलं, त्याची वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला गेलं ते वाफेवर.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "हा काढायला हवा होता."

"कागदात लिहिलं होतं?"

"नव्हतं."

"कागद मी वाचला होता, मिस्त्री. मलाही शंका आली नाही. आता काढून टाका."

"काढला तर मागचे ड्रम बिघडतील. त्यांना तो हवाच."

बाई उकिडव्या बसल्या. तिथलीच एक काडी घेऊन धुळीत रेघ ओढली, तिला दोन फाटे काढले. एक पुढे, एक मागे. बराच वेळ बघत राहिल्या. मग मागच्या फाट्यावर काडी टेकवली. "हा इथे बसवता येईल? फक्त मागच्या नळीत?"

वीस वर्षं मी हे काम करत होतो. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

पण तसा बसवायला त्याला स्वतंत्र घर हवं, आणि ते बाजारात मिळणारं नव्हतं. मी एसटीने दौंडला गेलो. तिथे रेल्वेच्या लोको शेडमधून रिटायर झालेले एक टर्नर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. घराच्या पडवीत त्यांचा लेथ होता. व्हॉल्व्ह त्यांनी तळहातावर घेतला, चष्मा वर सरकवला.

"ह्ये तर आमच्या इंजिनातलं पिल्लू हाय," आप्पा म्हणाले. "बॉयलरचं पाणी माघारी येऊ नये म्हणून आसतंय, तसलंच. पण ह्यो थोडं माघारी येऊ देतो आन् मग दार लावतो. व्हय?"

"व्हय आप्पा."

"कवा पायजे?"

"शर्यत रविवारी आहे."

पितळेचा एक गज लावून त्यांनी लेथ चालू केला. दोन तुकडे केले, एकमेकांत आट्यांनी बसणारे. माप घ्यायला पट्टी फार वेळा उचलली नाही. व्हॉल्व्ह आत बसवून तुकडे आवळले, जोड दिसेनासा झाला. मी नखाने शोधत होतो. आप्पांनी एका टोकाने आत फुंकर मारली, मग हवा आत ओढून ते टोक जिभेला लावलं. पितळ जिभेला चिकटून लटकलं.

"धरतंय," म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. "गाडी कुणाची?"

"एका बाईंची."

"आन् चालवतं कोण?"

"त्याच चालवतात."

आप्पांनी माझ्या हातातून तो तुकडा परत घेतला. "थांब. आजून एकदा बघू दे."

शनिवारी आम्ही पुन्हा बारा मैल गेलो. वाटेत बाईंनी मुद्दाम दहा वेळा जोरात ब्रेक मारला. परत आल्यावर पुढची चाकं जॅकवर घेतली. चकत्या तापलेल्या होत्या, हात लावणं शक्य नव्हतं. पण चाकाला एका बोटाने ढकललं आणि ते फिरत राहिलं. मी ते थांबेपर्यंत पाहत उभा होतो.

रविवारी मी घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर उभा राहिलो. बाकीचे झाडाच्या एका बुंध्यापाशी ब्रेक मारायचे. बाई बुंधा ओलांडून पुढे आल्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "गेली." मग गाडीने नाक खाली केलं, वळण घेतलं आणि वर निघून गेली. त्यांचा नंबर चौथा आला. पुढचे तिघे त्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या इंजिनांच्या गाड्या घेऊन आले होते.

नंतर पुष्कळ गाड्यांना डिस्क बसवल्या. प्रत्येक वेळी आधी मास्टर सिलिंडर खोलला. नवा पार्ट कुठे बसतो हे त्याच्या कागदात लिहिलेलं असतं. त्याला जुन्यातलं काय चालत नाही, ते आपलं आपल्याला शोधावं लागतं, आणि ते रस्त्यावर निघायच्या आधी शोधलेलं बरं.