याकोबच्या वतीनं

बुधवारी सकाळी चर्चची घंटा वाजली तेव्हा मी उर्दू शाळेच्या ओसरीत मुलांच्या पाट्या तपासत होतो. आमच्या मेहकरात ही घंटा रविवारी वाजते, नाहीतर कुणी गेलं तर वाजते. पण मी दचकलो ते वेगळ्याच कारणानं. कुणीतरी नवखा माणूस दोर हिसकत होता, घंटा नुसती बडवल्यासारखी वाजत होती. याकोबची घंटा सावकाश असायची, दोन ठोक्यांमध्ये श्वास घेण्याइतकी थांबणारी. तो दुसऱ्या कुणाला त्या दोराला हात लावू देत नसे. तेव्हा आज दुसरा कुणी वाजवतो आहे, म्हणजे... पाट्या तशाच टाकून मी निघालो. वाटेत दवाखान्यातली आया भेटली. ती तोंडाला पदर लावून नुसती उभी राहिली.

याकोब मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. बाप चर्चचा पाळक, आणि हा देव मानत नव्हता. मी पाच वेळचा नमाजी. महाराष्ट्र राज्य नवीन झालं त्या सुमारास आमची गाठ पडली आणि तेव्हापासून आम्ही एकाच विषयावर भांडत आलो: वर तो आहे की नाही. याकोबला जाऊन आता दोन-अडीच महिने होत आले आणि मी एका प्रश्नात अडकून पडलो आहे. त्याच्यासाठी मी दुआ करावी की करू नये? असलं काही विचारायला मला गावात एकच माणूस होता, आणि तोच गेला.

पहिलं भांडण औषधाच्या खिडकीशी झालं. मी खोकल्याचं औषध न्यायला गेलो होतो. हा आत खलबत्त्यात काहीतरी घोटत होता आणि एका म्हातारीला सांगत होता, की देव-बिव काही नाही, औषध वेळेवर घे. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाटलीत मिक्चर हाय म्हणजे ते बनवणारा कंपाउंडर हाय. एवढी दुनिया काय आपोआप घोटल्या गेली?" त्यानं बत्ता खाली ठेवला. डोळे असे चमकले, की जणू वर्षभर याच गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. म्हणाला, "कंपाउंडर हाय, चाल मानलं. पन त्यानं खोकल्याच्या बाटलीत जुलाबाचं भरलं तं त्याले काय म्हनावं? तूच सांग मास्तर." मागच्या लोकांनी ओरडा केला म्हणून त्या दिवशी ते तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी उत्तर घेऊन गेलो. मग रोजच जाऊ लागलो. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर आमची बैठक असे. लोक आम्हाला हसत, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

वादाचे त्याचे कायदे होते. रमजानात रोजा सुटेपर्यंत तो तोंड उघडत नसे. "उपाशी मानसासंग नाई भांडत मी," म्हणायचा. माझ्यासमोर पाणीही प्यायचा नाही. रोजा सुटला, की मात्र पहिला खजूर माझ्या घशाखाली उतरायच्या आत सुरू! एका साली पावसानं अगदी डोळे वटारले. आम्ही ईदगाहवर जमून पावसाची नमाज पढलो, त्याच आठवड्यात चर्चमध्येही प्रार्थना झाली. पाऊस आला, पण घाटाखाली, शेगावकडे. आमच्या घाटावर थेंब नाही. याकोब दोन दिवस खुशीत होता. "दोघायचेबी अर्ज गेले, अन् निकाल शेगाववाल्याच्या बाजूनं लागला. कोनतं कोर्ट हाय बे हे?" मी म्हणालो, अर्ज नामंजूर झाला म्हणून कोर्टच नाही असं होत नाही. त्यावर तो विचारात पडला आणि चहा थंड झाला. समोरच्याचं बोलणं पटलं, की चहा विसरायचा, ही त्याची खूण होती. तोंडानं कबूल करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

तरी हाच माणूस चर्चची घंटा वाजवायचा. मी एकदा चिडून विचारलं, देव नाही तर घंटा काऊन वाजवतो? शांतपणे म्हणाला, "देव नसला तं नसला. बाया हायेत ना. घड्याळ कुठं कळते त्यायले?" त्या दिवशी माझा चहा थंड झाला.

त्याचा विश्वास कसा गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते आमच्या ओळखीच्या आधीचं. त्यानं एकदाच सांगितलं. मुलगी होती, रूथ. घटसर्प झाला. औषध खामगावहून यायचं होतं, ते ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. ते त्यानंच खिडकीतून घेतलं आणि कपाटात लावून ठेवलं, कारण त्याचं कामच ते होतं. त्याच्या बापानं त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, देवाला ती जास्त आवडली. "तवापासून मी बापासंगबी अन् देवासंगबी बोलनं सोडलं," एवढं सांगून मग म्हणाला, "आमच्याकडे एक गोष्ट हाय मास्तर, जी मले अजून मोडता नाई आली. आमचा देव सोता खाली आला, मार खाल्ला, रडला. तुयावाला कधी रडत नाई." मी म्हणालो, "रडनाऱ्याले धीर द्यायले न रडनारा लागते याकोब." त्यानं मान हलवली. "मले धीर नव्हता पायजे. संग रडनारा पायजे होता." मी इसा पैगंबरांबद्दल, म्हणजे त्यांच्या येशूबद्दल, सब्रबद्दल बरंच काही बोलू शकलो असतो. पण देव मानणाऱ्याचा तोरा सोडून देव न मानणाऱ्याचा हात धरून बसलो.

माझी बायको गेली तेव्हा तो रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसायचा. चेहलुम, म्हणजे चाळिसावा, होईपर्यंत त्यानं अल्लाचा विषय काढला नाही. शेजारी येत, ही अल्लाची मर्जी म्हणत, तेव्हा हा खाली बघत बसे. चेहलुमच्या दुसऱ्या दिवशी हळूच विचारतो, "आता काढू का?" मी म्हणालो, "काढ बे, कान तरसून गेले." आणि दोघंही रडेस्तोवर भांडलो. माझं घर मोकळं झालं होतं, पण त्या भांडणामुळे ते ओसाड झालं नाही. आता झालं आहे.

त्याच्या मातीला आताचे पाळकसाहेब बुलढाण्याहून यायचे होते, त्यांची एसटी उशिरा आली. वाट पाहून शेवटी मंडळींनी त्यांच्याविनाच पेटी खाली उतरवली. मूठभर माती घालायची वेळ आली तेव्हा माझे हात सवयीनं चालले. तीन ओंजळी घातल्या आणि ओठांतून आमच्याकडे कबरीवर म्हणतात ते शब्द निघून गेले. अर्ध्यावर भान आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याकोबची बायको मार्थावहिनी जवळ आली. "काय म्हनलं मास्तर तुमी?" मी अर्थ सांगितला, की मातीतून घडवलं, मातीत परत नेतो, मातीतूनच पुन्हा उठवू; आणि माफी मागितली. ती म्हणाली, "पुरं म्हना. जित्ता असता तं कोनालेच कायी म्हनू नसतं देल्लं त्यानं."

पाळकसाहेब आले, त्यांनी प्रार्थना केली, ती वहिनीसाठी. त्यांच्यात गेलेल्यासाठी मागत नाहीत, मागं राहिलेल्यांसाठी मागतात. मी आमच्या मौलवीसाहेबांकडे गेलो. भले माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, इमानाविना, विश्वास न ठेवता गेलेल्याच्या माफीसाठी दुआ करता येत नाही मास्तर, तुमचं दुःख समजतो. ते चूक बोलले असं मी म्हणणार नाही. पण चर्चमध्ये याकोबचं नाव निघत नाही, मशिदीत निघत नाही, आणि त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं मलाच वेड्यात काढलं असतं. एवढा बोलका माणूस, आणि त्याच्याबद्दल बोलायला जागाच उरली नाही.

मगरिबची, दिवस मावळल्यावरची नमाज झाली, की बाकीचे उठून जातात. मी मागं बसून राहतो. हात उचलतो, पण त्याच्यासाठी काही मागत नाही, कायद्याच्या बाहेर जात नाही. हे परवरदिगार, दवाखान्यातला याकोब विचारत होता, रूथचं औषध एक दिवस उशिरा का आलं? एवढंच म्हणतो. त्याचा प्रश्न आता दुसरं कोण पोचवणार? इतकी वर्षं असल्याच प्रश्नांना मी त्याच्या पायऱ्यांवर बसून अल्लाच्या वतीनं उत्तरं देत होतो, एकाहून एक चांगली. आता देत नाही. ज्याला विचारलं आहे, त्यानंच सांगावं.