कोयशाचा आजा

जगात नेचे वाढवणारी माणसं पुष्कळ असतील, पण मे महिन्यातल्या घुग्घुसमध्ये नेचा जगवणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन त्यांना भाऊ म्हणायची. मी शाळेत मास्तर, ते कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. नेचा म्हणजे फूल नाही, फळ नाही, नुसती कंगव्यासारखी हिरवी पानं. ओल आणि सावली मिळाली की तो बारमाही हिरवा राहतो आणि जावयासारखा ऐसपैस पसरतो. आमच्याकडे सावलीच्या नावानं आनंद आणि हवेत सदा कोळशाची धूळ. भाऊंनी तो बंद पडलेल्या जुन्या खाणीच्या तोंडाशी, पाझरत्या भिंतीवरून आणला होता. नोकरीभर त्यांनी दिव्याच्या उजेडात खाणीतल्या दगडावर उमटलेली अशीच पानं पाहिली होती, ज्यांचा पुढं कोळसा झाला. म्हणून "हा कोयशाचा आजा हाय, याले नमस्कार करा," असं ते येणाऱ्याला सांगत, आणि नमस्कार झाल्याशिवाय चहा येत नसे.

आजोबांचा थाट असा की घरातल्या एकुलत्या कूलरसमोर अर्धा कापलेला ड्रम, त्यात हे महाराज पसरलेले, आणि भाऊ-वहिनी दाराशी हातपंख्यानं वारा घेत बसलेले. ड्रमला ओलं तरट गुंडाळलेलं असे. भाऊ आंघोळही ड्रमशेजारी पाटावर बसून करत, म्हणजे सांडलेलं पाणी तरटाला मिळावं. साबण त्यांनी त्याच कारणानं सोडला होता. रोज सकाळी जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यानं ते एकेक पान पुसत. वहिनी मला ऐकवून म्हणायच्या, "पस्तीस वर्षं झाली लग्नाले, माह्या तोंडावरची धूळ यायनं कदी पुसली नाई." भाऊ मान वर न करता सांगत, "तुले पदर हाय. याले काय हाय?"

भाऊंचं एकच दुःख होतं. ड्रमात पसरलेल्या नेच्याचा फुटवा वेगळा करून लावला की मे महिन्यात हटकून जळायचा. तीनदा असं झालं. "मी गेलो का हाही जाईन," असं ते एकदा म्हणाले, आणि तेव्हा ते थट्टा करत नव्हते.

त्या वर्षी त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला टेकली होती. ती मोहर्लीला दिलेली, आणि असल्या उन्हात तिला माहेरी आणता आलं नव्हतं. भर मे महिन्यात भाऊ-वहिनींना जावं लागलं आणि नेचा माझ्या ओटीत पडला. निघताना भाऊंनी तीनदा सांगितलं, "पानाले नाई सर, बुडाले पाणी द्या." आणखी काही तरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्या सकाळी पानं पुसताना एक पान उलटलं. पाठीमागं तपकिरी ठिपक्यांच्या रांगा! सगळ्या पानांना तेच. मी शेतकऱ्याचा मुलगा. जवसावरचा आणि गव्हावरचा तांबेरा पाहत लहानाचा मोठा झालेला. रोगट पान वेळीच छाटलं तर झाड वाचतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. कात्री घेतली, तासाभरात कोवळी चार पानं सोडून सगळा नेचा बोडका केला आणि पानं मागच्या उकिरड्यावर टाकली.

दुपारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर भाऊंचा फोन आला. "नेचा कसा हाय?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "भाऊ, तांबेरा लागला होता, पण मी सगळी पानं छाटली. आता काळजी नाही." पलीकडून आवाज आला, "तांबेरा नाई सर. बी होतं ते. सात वर्षांत पयल्यांदा धरलं त्यानं."

"मग सांगितलं का नाही?"

"पोटुशी बाई कोणी सांगते का? दृष्ट लागते." मग घाईघाईनं, "उकिरड्याले हात लावू देऊ नका कोणाले. येऊन राह्यलो. अन् हो, नात झाली."

एका दिवसाच्या नातीला सोडून भाऊ संध्याकाळच्या बसनं आले. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते उकिरड्यावर उकिडवे बसले, एकेक पान झटकून कागदावर ठेवू लागले, आणि मीही शेजारी बसलो. "तुमचा दोष नाई. तांबेरा दिसल्यावर शेतकऱ्याचा हात थांबन काऊन?" ते म्हणाले. त्या बोलण्यानं मला अधिकच रडू आलं. दोन दिवसांनी कागदावर तपकिरी भुकटी पडली, तेच त्याचं बी. ती त्यांनी ओल्या विटांवर भुरभुरली, वर काचेच्या बरण्या उपड्या घातल्या, आणि मगच पुन्हा मोहर्लीची बस धरली.

विटा हिरव्या झाल्या, आणि इथल्याच उन्हात उगवलेली ती रोपं पुढच्या मेमध्येही जळली नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत लाइनीतल्या प्रत्येक घरी नेचा होता.

काही वर्षांनी भाऊ-वहिनी लेकीकडेच राहायला गेले. मी भेटायला गेलो तर घरामागच्या विहिरीपाशी, आंब्याच्या सावलीत, जिथं दिवसभर पाणी सांडतं, तिथं नेचा गुडघ्याएवढा माजला होता. नात त्यात लपून खेळत होती. मी म्हणालो, "भाऊ, शेवटी जिंकलात." ते हसले खरे, पण त्यांचे हात नुसतेच मांडीवर पडले होते. "चांगलं हाय सर, लय चांगलं हाय," ते म्हणाले. "पण इथी त्याले माही काई गरजच नाई पडून राह्यली."