उसावर गेलेल्यांची गाय

नोकरीच्या पहिल्याच वर्षी बोरीच्या पुढच्या एका वाडीतून सकाळी दवाखान्यात फोन आला. "जनावरं पडायलेत, बाई. लवकर या." आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. मी स्कूटीला औषधांची पेटी बांधली आणि निघाले.

शेतात पोचले तेव्हा एक कालवड मरून पडली होती. तोंडात हिरवा घास तसाच होता. ज्वारी काढलेल्या रानात खोडांना कोवळे फुटवे आले होते आणि जनावरं त्यात शिरली होती. हे फुटवे जनावराला विषासारखे बाधतात. किराळ लागली म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण घास गिळायच्या आत जीव जातो, हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

बांधाजवळ एक बैल आडवा होता, पलीकडे एक गाय. दोघांच्या माना ताणलेल्या, श्वासाला धाप. बैलाची हिरडी पाहिली तर लालभडक, एखाद्या धडधाकट जनावराची असावी तशी. रक्तात प्राणवायू होता, पण शरीराला तो घेता येत नव्हता.

पेटीत उताऱ्याची बाटली एकच निघाली, एका जनावरापुरती. कंपाउंडरला फोन केला. तो बाटल्या घेऊन निघतो म्हणाला, पण तोवर ही दोन्ही टिकणार नव्हती. अर्धी अर्धी देऊन एकही वाचलं नसतं.

"मामा, एकच वाचंल," मी म्हाताऱ्याला म्हणाले. "बैल तगडा आहे. त्याला देते."

मी सुई काढलीसुद्धा होती.

"गाईला द्या," तो म्हणाला.

"बैल कुणाचा?"

"माझाच हाय. गाय शेजाऱ्याची. नवरा-बायको उसावर गेलेत, तोडीला. माझ्या दावणीला बांधून गेलेत तिला."

"पुन्हा एकदा विचार करा, मामा."

"गाईला द्या म्हणलं न्हाई का, बाई."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं, ती तरी अडवेल म्हणून. ती गाईपाशी जाऊन बसली आणि शिंगं धरून तिची मान माझ्यासाठी तिरपी केली.

पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा सापडली. औषध जाईल तसा गाईचा श्वास संथ होत गेला. कान हलले. मग ती धडपडत उठली, पाय फाकून उभी राहिली आणि तोंड पुढे करून त्याच फुटव्यांना लागली. म्हाताऱ्याच्या बायकोनं तिला ओढत बांधावर नेलं.

मागे बैलाची धाप थांबली होती. म्हातारा त्याच्या पोटावर हात ठेवून बसला होता.

कंपाउंडर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून पोचला तेव्हा बाटल्यांचं काही काम उरलं नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन वाजला. वाडीतल्या कुणीतरी शेजाऱ्याला कळवलं असावं.

"बरी हाय गाय," म्हातारा सांगत होता. "उभी हाय, माझ्या म्होरंच हाय. तुमी नका घोर करू. लेकरं कशी हायेत?"

बैलाचं नाव त्यानं काढलं नाही.

मी पेटी आवरायला घेतली, पण झाकण लावता येईना. शेवटी कंपाउंडरनंच ते लावलं, आणि परतताना मी स्कूटीही त्यालाच चालवायला दिली.