टायगरची रात्री आठची गोळी

नाव टायगर, पण पाय चार बोटं उंचीचे न अंग आगगाडीच्या डब्यागत लांब. प्रभाक्काचा पोरगा ऋषभ बेंगळूरला नोकरीला गेला, तवा आईला सोबत म्हणून हे कुत्रं ठेवून गेला. त्याला आता नऊ वर्सं झाली. रुईकर कॉलनीतल्या चार खोल्यांत प्रभाक्का न टायगर, एवढाच संसार. प्रभाक्काचं तोंड तसं कधी गप नसायचं, पण ऐकायला कोण हाय? मग भाजी निवडताना टायगरलाच सांगायचं, समोरच्या पूर्णिमानं पडदे कसले भडक लावल्यात. त्यो कान हलवायचा. प्रभाक्काला तेवढं पुरायचं. दिवस मावळायच्या आत दोघं जेवायची. पिढ्यान् पिढ्यांचा नेम तो, अंधार पडला की अन्न न्हाय. तिच्या घरातलं कुत्रंबी जैनच की!

दिवाळी सरली न टायगरला उचललं की त्यो केकाटायला लागला. पाठ कमानीगत वर, मागचे पाय आडवेतिडवे पडायला लागले. प्रभाक्कानं त्याला रिक्षात घालून डॉक्टर प्रियदर्शनीकडं नेलं. त्यांनी पाठीचा एक्स-रे काढून समजावलं, की मणक्यांमधली गादी झिजलीया न नस दाबतीया. ऑपरेशनचं मागनं बघू, आधी सूज उतरायची स्टेरॉइडची गोळी. सकाळी आठ, रात्री आठ, खाण्याबरोबर. महिनाभर कोपऱ्यात बांधल्यागत ठेवायचं. गोळ्या लागू पडल्या न्हाईत तर मागचे पाय कायमचे जातील.

प्रभाक्कानं पाट न बॅगा लावून कोपरा अडवला. सकाळची गोळी पोळीत घालून गेली. घोडं अडलं रात्री आठला. त्या वेळी खायला घालायचं म्हणजे नेमच मोडला. औषधाला दोष न्हाय, असं तिनं आपलं आपणच ठरवलं, न गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजली. फोन होता, डॉक्टरांचा नंबर होता. पण एवढंसं विचारायला कुठं त्रास द्यायचा!

पाचव्या दिवशी टायगरची शी डांबरागत काळी झाली. अन्नाकडं बघंना. परत रिक्षा, परत दवाखाना.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "आक्का, पोटात आतनं रक्त सुटलंय. गोळी खाण्याबरोबरच दिलती न्हवं?"

"दिलती की."

पासष्टीची बाई, पण शाळेतल्या पोरीगत खोटं बोलली. डॉक्टर विचारात पडल्या. म्हणाल्या, मग ही गोळी ह्याला सोसत न्हाई, बंदच करायला पाहिजे. पायांचं काय होईल, ते त्या बोलल्या न्हाईत.

रिक्षा चौकापर्यंत गेली. टायगर मांडीवर, डोळे मिटून. प्रभाक्कानं रिक्षा माघारी वळवायला लावली. रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारी पिशवी विसरली.

"रात्रीची उपाशीपोटी दिलती," ती दारातनंच म्हणाली. "आमच्यात दिवस मावळल्यावर खात न्हाईत."

"अहो, मग वेळ बदलून दिली असती की. सकाळी सात, संध्याकाळी साडेपाच. बारा तासांत तास-दीड तास इकडंतिकडं चालतंय. विचारायचं तरी."

"माणसाला विचारायची सवयच गेली, बाई."

डॉक्टरांनी तिला बसायला खुर्ची पुढं सरकवली. पोटाचं औषध चार दिवस, मग तीच गोळी, कमी ताकदीची, पोटभर खाण्याबरोबर.

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी साडेपाचला भाकरी कुस्करल्याचा आवाज आला न टायगर उठला. मागचे पाय थरथर कापत होते, पण चारीच्या चारी पाय फरशीवर. प्रभाक्कानं हात तसाच पदराला पुसून ऋषभला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये हाय. करतो नंतर."

"कर की," ती म्हणाली.

दिवस मावळला. फोन आला न्हाई. दिवा लावून ती टायगरच्या कोपऱ्यात फरशीवर बसली न त्यालाच सगळं पहिल्यापासनं सांगायला लागली, त्यो कसा उठला, कुठला पाय आधी टेकला, भाकरी कशी संपवली. ऐकता ऐकता त्याला झोप लागली. ती सांगतच राहिली.