देवळातली झोप

काल नांद्या वाण्याच्या दुकानात कापराची पुडी फोडली आणि त्या वासानं मला गावातल्या देवीच्या देवळात नेलं. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचं सगळं करून मी पार थकले होते. एका दुपारी नणंद त्यांच्याजवळ बसली, म्हणून मी नवस बोलायला देवळात गेले. हात जोडता जोडता तिथंच गार फरशीवर झोपले.

जाग आली तेव्हा अंगावर देवीचं हिरवं लुगडं होतं. मी ओशाळून उठू लागले. गुरवीण सखूमावशी वाती वळत म्हणाल्या, "नीज की. लेक माहेरी आल्यावर आई तिला उठवती व्हय?"

मी पुन्हा आडवी झाले. संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना भात भरवला, तेव्हा नवस राहिल्याची चुटपुट लागली होती. आता वाटतं, मी बोलायच्या आधीच मला काय हवं ते देवीनं ओळखलं होतं.