हिरवी उलटी

मुलगी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं उलटी केली. ते दूध नव्हतं. गवत चेचल्यावर निघतो तसा हिरवागार रस होता. सोबतीला राहिलेल्या चुलत सासूबाई दुपटं बघून म्हणाल्या, "काल शेपूची भाजी खाल्लीस न्हवं, तीच दुधात उतरलीय." नर्सही म्हणाली, "होतं कधीकधी. ढेकर नीट काढा."

दुसरी उलटीही हिरवीच झाली. पोरीचं पोट हाताला टणक लागत होतं. माझे सिझरचे टाके ओले होते. तिला उराशी धरून, भिंतीच्या आधारानं मी डॉक्टरांच्या खोलीशी गेले. बाहेर रांग होती. "नंबरानं या," कुणीतरी म्हणालं. मी दार ढकललं आणि दुपटं टेबलावर पसरलं. डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांनी पोट दाबून पाहिलं. "आतड्याला पीळ पडलेला दिसतोय. आत्ताच सांगलीला न्या, मी फोन करून ठेवतो."

"तू ओली बाळंतीण, टाकं उसवतील," चुलत सासूबाई म्हणाल्या. "बापय मानसं जातील."

नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. माझ्याशिवाय कोण जाणार होतं? मी अँब्युलन्समध्ये चढले. पाठोपाठ सासरे चढले. त्यांनी माझ्या पाठीशी उशी लावली.

सांगलीत सोनोग्राफी झाली. सर्जन बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "आतडी स्वतःभोवती फिरलीत. रक्त पोचत नाही. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

कागद पुढं आले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "वडील कुठायत? सही लागेल."

"ड्युटीवर आहेत. फोन लागत नाही."

"मग आजोबा करतील," असं म्हणून त्यानं पेन सासऱ्यांपुढं धरलं.

"लेकरू माझं आहे," मी म्हणाले. "सही मी करणार. आईची चालत नाही असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

तो कागद चाळायला लागला. सासऱ्यांनी पेन घेऊन माझ्या हातात दिलं. "साहेब, नऊ म्हैनं हिनंच वागवलंय. हिला करू द्या." मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं.

दोन तासांनी सर्जन बाई बाहेर आल्या. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. बाकीचं पीळ सोडवल्यावर गुलाबी झालं होतं. "पण आज-उद्याचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

काचेच्या पेटीत ती एवढीशी दिसत होती. तोंडात नळी, नाकात नळी, पोटावर पट्टी. तिला दूध द्यायचं नव्हतं, पण मला दूध यायचं थांबलं नव्हतं. दर तीन तासांनी मी ते पिळून काढायची. एक नर्स म्हणाली, "टाकून द्या, अजून बरेच दिवस लागतील."

"टाकणार नाही. तुमच्या फ्रीजरमध्ये जागा द्या. तारीख मी लिहिते."

ती हसली आणि तिनं बाटल्या आणून दिल्या.

नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "लय जीव लावू नगंस. तुझं वय हाय अजून, दुसरं हुईल."

"जीव लावून झालाय," मी म्हणाले. "तुम्ही खाली जाऊन चहा घ्या."

त्या परत आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी पोरीनं शी केली, म्हणजे आतडी चालू झाली, आणि सगळ्या नर्सा एकमेकींना सांगत सुटल्या. आठव्या दिवशी नळीतून दोन मिली दूध द्यायचं ठरलं. सिरिंज मी धरली. दूध खाली उतरताना मी एकेक थेंब मोजला. नवरा रजा काढून पोचला तोवर ती पाच मिली घेत होती. महिन्याभरानं आम्ही तिघं गावी परतलो.

आता ती चार वर्षांची आहे. पोटावर आडवा व्रण आहे. चुलत सासूबाई म्हणतात, "लांब झबलं घाल, लोक इचारत्यात." मी म्हणते, विचारू देत. व्रणाची गोष्ट तिला पाठ आहे, तरी ती परवा परत विचारत होती.

"मी लय रडले का गं?"

"नाही. तुझ्या तोंडात नळी होती."

"मग तू रडत होतीस?"

"रडले थोडी," मी म्हणाले. "जास्त करून भांडत होते."